लोखंडी नांगरापासून घरच्या संगणकापर्यंत

कोणतेंहि नवें यंत्र घरांत आणावयाचें म्हटलें म्हणजे माणूस प्रथम बाजाराकडे धांव घेतो. दुकानदारास विचारतो, शेजाऱ्यास विचारतो, आणि अखेरीस ज्याचें बोलणें अधिक गोड त्याच्या म्हणण्याप्रमाणें पैसे मोजून मोकळा होतो. यंत्राच्या निवडीलाहि एक इतिहास असतो, आणि तो इतिहास ऐन खरेदीच्या वेळीं उपयोगी पडण्याजोगा असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी व लढायांच्या तारखा, अशी आपली समजूत असल्यामुळें नांगर, इंजिन, पंप ह्यांच्या कथा त्यांत जमेस धरल्याच जात नाहींत. परंतु ज्या निर्णयांनीं सामान्य कुटुंबांचीं सुखदुःखें ठरलीं, त्यांत कोणतें यंत्र घ्यावें व कोणतें घेऊं नये हे निर्णय कांहीं थोडे नाहींत.

हल्लीं मध्यम स्थितींतील पुष्कळ कुटुंबांपुढें असाच एक प्रश्न उभा असतो. घरांत मेजावर ठेवण्याचा संगणक, ज्यास व्यवहारांत डेस्कटॉप म्हणतात तो, घ्यावयाचा असतो. आणि तो एकट्यादुकट्यासाठीं नव्हे, तर साऱ्या घरासाठीं. मुलीला त्यावर एकीकडे शिकवणी पाहतां पाहतां दुसरीकडे टिपणें लिहावयाचीं असतात. वडिलांना ऊसाच्या बिलांचा हिशेब, बँकेचें खातें व सातबाऱ्याचा उतारा हीं तिन्ही समोरासमोर ठेवून ताडून पाहावयाचीं असतात. आईला बचतगटाचें इतिवृत्त मराठींत लिहून छापावयाचें असतें. अनेक कामें एकाच वेळीं उघडीं ठेवण्याच्या ह्या प्रकाराला इंग्रजीच्या वळणानें मल्टिटास्किंग म्हणतात. ह्या खरेदीसाठीं जो पैसा लागतो तो कित्येक महिन्यांच्या काटकसरीचा असतो. निवड चुकली तर यंत्र परत करतां येत नाहीं; तें वर्षानुवर्षें घरांत बसून रोज थोडाथोडा वेळ व पुष्कळसा धीर खात राहतें. म्हणून हा विषय क्षुल्लक नाहीं.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास आम्ही कुंडलचा परिसर निवडला आहे, तो सहेतुक. कुंडल हें गांव आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांत आहे; पूर्वीं तें औंध संस्थानांत मोडत असे. १९४३ ते १९४६ ह्या काळांत साताऱ्याच्या प्रतिसरकारचें एक प्रमुख केंद्र म्हणून त्याचें नांव महाराष्ट्रभर झालें. क्रांतिसिंह नाना पाटील व जी. डी. बापू लाड ह्यांच्या चरित्रांशीं तें कायमचें जोडलें गेलें आहे, आणि आज तेथील सहकारी साखर कारखाना बापू लाडांचेंच नांव धारण करितो. परंतु कुंडलची दुसरीहि एक ओळख आहे, व ती यंत्रांची आहे. पुणें-मिरज लोहमार्गावर कुंडल रोड नांवाचें एक लहानसें स्टेशन होतें. बेळगांवची जागा तेथील नगरपालिकेच्या निर्णयामुळें सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १९१० सालीं ह्याच स्टेशनाजवळच्या माळावर आपला कारखाना हलविला. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं त्यांस आश्रय दिला. निवडुंग व साप ह्यांखेरीज जेथें कांहीं नव्हतें तेथें वसाहत उभी राहिली, आणि पुढें स्टेशनाचें नांवहि किर्लोस्करवाडी असें झालें.

ह्या कारखान्याचा आरंभींचा प्रसिद्ध माल म्हणजे लोखंडी नांगर. आज आपणांस वाटतें कीं चांगली वस्तु बाजारांत आली कीं ती खपावयाचीच. इतिहास तसें सांगत नाहीं. लोखंडानें जमिनीला विष चढतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. ह्या हकीकतीचा उल्लेख करून शेतकऱ्याच्या अज्ञानाला हंसण्याची सुशिक्षितांत चाल आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. ज्या माणसाचें वर्षाचें पीक एका नांगरटीवर अवलंबून असतें, त्यानें परक्या वस्तूविषयीं संशय धरावा ह्यांत शहाणपण नाहीं असें कोण म्हणेल? त्याचें कारण चुकीचें होतें, पण त्याची सावधगिरी योग्य होती. आपल्या जमिनीला हें मानवेल काय, आपल्या बैलांना हें ओढवेल काय, आणि फाळ झिजला तर दुसरा कोठें मिळेल, हे त्याचे खरे प्रश्न होते. ज्या कारखानदारानें ह्या प्रश्नांचीं उत्तरें शेतांत नांगर चालवून दाखवून दिलीं, त्याचा माल खपला. पुढें १९२० सालीं ह्याच माळावरून शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तिचा आरंभहि कारखाना व त्याचें गिऱ्हाईक ह्यांच्यामधील ओळख वाढविण्यासाठींच होता. नुसती वस्तु विकून भागत नाहीं, ती समजावूनहि द्यावी लागते, हें त्या काळच्या कारखानदारानें ओळखलें होतें.

नांगर हें एकाच कामाचें यंत्र. अनेक कामांचें यंत्र ह्या प्रदेशांत आलें तें तेलावर चालणाऱ्या इंजिनाच्या रूपानें. कृष्णाकांठीं विहिरीवर किंवा नदीकांठावर बसविलेलें इंजिन पाणी तर उपशीच. पण त्याच्याच चाकावरून पट्टा काढून कोणी पिठाची गिरणी चालवी, कोणी ऊसाचा चरक फिरवी, कोणी मळणी काढी. मोठ्या कारखान्यांत तर एका इंजिनाच्या जोरावर आढ्याजवळून एक लांब दांडा फिरे व त्यावरून उतरलेल्या पट्ट्यांनीं खालचीं दहा यंत्रें चालत. ज्यानें असें इंजिन वापरलें आहे त्याला बहुकार्याचें मर्म कोणी वेगळें शिकवावयास नको. इंजिनाचा जोर ठराविक. पट्टे वाढत गेले कीं प्रत्येकाच्या वांट्यास थोडाथोडा येतो, आणि मर्यादेबाहेर गेलें कीं पट्टा घसरतो. शिवाय इंजिन कितीहि दणकट असलें आणि पट्टा सैल असला तर सारा जोर फुकट. यंत्रसमुदायाचें सामर्थ्य त्यांतील सर्वांत बलवान् भागावर नव्हे, तर सर्वांत दुबळ्या भागावर अवलंबून असतें. हें एक सूत्र ध्यानांत ठेवलें तर संगणकाच्या जाहिराती वाचतांना निम्मी फसगत टळेल.

आतां संगणकाकडे वळूं. आपल्या देशांत घडविलेला पहिला मोठा विद्युत्-संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालूं झाला. पुढें त्यास टिफ्रॅक हें नांव मिळालें. त्याच्या स्मृतींत चाळीस द्विअंकांचे २०४८ शब्द मावत. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर दहा किलोबाइट. आज साधारण घरांत जो संगणक घ्यावा असें आम्ही पुढें सुचविणार आहों, त्याची स्मृति ह्याच्या सोळा लक्ष पटींहून अधिक असते! त्या काळीं संगणक एका वेळीं एकच काम करी. एक मनुष्य आपल्या छिद्रित पट्ट्यांची चळत देऊन जाई, दुसरा मागें उभा राही, आणि यंत्र मध्येंच माहितीची वाट पाहत थांबलें तर तो मोलाचा वेळ वायां जाई. मनुष्य यंत्राची वाट पाहतो आहे आणि यंत्र मनुष्याची, अशी ती चमत्कारिक स्थिति होती.

तिच्यावर जो तोडगा निघाला तो आमच्या बागाईतदारांना चांगला परिचित आहे. पाटाचें पाणी एकच असतें व शेतें अनेक असतात. म्हणून पाळी लावतात, आणि पाळी मोडूं नये म्हणून पाटकरी नेमतात. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९६१ च्या नोव्हेंबरांत संगणकाच्या वेळाची अशीच पाणीपाळी करून दाखविली. यंत्र प्रत्येक कामाला अल्पसा क्षण देतें, लगेच दुसऱ्याकडे वळतें, पुन्हां पहिल्याकडे येतें. आणि हें इतक्या त्वरेनें घडतें कीं प्रत्येकाला वाटतें, यंत्र सर्वस्वी आपलेंच आहे. बहुकार्य म्हणजे मुळांत हा एक सुव्यवस्थित भास आहे. संगणकांतील ज्या मूळ आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती ह्या व्यवस्थेंतील पाटकरीण होय.

घरगुती संगणकाला ही पाटकरीण मिळावयास बराच काळ लागला. १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला, तेव्हां तो एका वेळीं एकच आज्ञावलि चालवी. पुढें विंडोजच्या पहिल्या आवृत्त्या आल्या, पण त्यांत पाळी सोडणें हें ज्याच्या त्याच्या सौजन्यावर होतें. एखाद्या दांडग्या आज्ञावलीनें पाणी अडवून धरलें कीं साऱ्या शेतांचें वाळवण होई. १९९५ सालच्या विंडोजपासून सामान्य घरांतहि पाटकरणीच्या हातीं खरा अधिकार आला. ज्यांनीं त्यापूर्वींचीं यंत्रें वापरलीं आहेत, त्यांना पडदा गोठून बसणें म्हणजे काय हें सांगावयास नको.

त्यानंतर कांहीं वर्षें संगणकाचा प्रोसेसर, म्हणजे गणन करणारा मुख्य भाग, केवळ अधिकाधिक वेगवान् होत गेला. परंतु वेगाबरोबर उष्णता वाढते, आणि २००४ सालीं इंटेल कंपनीनें चार गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ आणण्याचा बेत सोडून दिला, तेव्हां ह्या मार्गाची हद्द स्पष्ट झाली. २००५ पासून एकाच प्रोसेसरमध्यें दोन गाभे बसविलेले संगणक घरोघर येऊं लागले. पुढें चार झाले, सहा झाले, आठ झाले. एका इंजिनाऐवजीं तशींच अनेक लहान इंजिनें एका छपराखालीं बसवावीं, तसा हा प्रकार. ह्यामुळें बहुकार्य केवळ भास न राहतां कांहीं अंशीं खरें झालें. पण येथेंच गिऱ्हाइकानें सावध व्हावें. दहा गाभ्यांचें यंत्र पांच गाभ्यांच्या यंत्राच्या दुप्पट वेगानें चालेल, असा हिशेब नसतो. एकच पत्र लिहावयाचें असेल तर तें दोघां-तिघांनीं मिळून लवकर लिहिलें जात नाहीं. घरगुती कामांना साधारण सहा गाभ्यांचा अलीकडचा प्रोसेसर पुरून उरतो. त्यापुढील पैसा बहुधा दिमाखाचा.

मग यंत्र संथ कां होतें? ह्याचें उत्तर प्रोसेसरांत क्वचित् आणि स्मृतींत बहुधा सांपडतें. हें समजावयास सांगलीकडील हळदीच्या व्यापाराचा दृष्टान्त घ्यावा. हरिपूरच्या परिसरांत हळद जमिनींतील पेंवांत सांठवून ठेवीत. पेंवांत माल पुष्कळ मावतो व दीर्घकाळ टिकतो. पण हळद निवडावयाची, तोलावयाची, दाखवावयाची तर ती बाहेर अंगणांत पसरावी लागते. संगणकांत रॅम म्हणजे हें अंगण, आणि डिस्क म्हणजे पेंव. जितकीं कामें आपण एकाच वेळीं उघडतों तितका माल अंगणांत येतो. अंगण भरलें म्हणजे पाटकरीण कांहीं माल पुन्हां पेंवांत ढकलते आणि दुसरा बाहेर काढते. अंगण फारच लहान असेल तर दिवसभर पोतीं आंत-बाहेर करण्यांतच हमालांचा जीव जातो व निवडण्याचें काम तसेंच राहतें. ह्या दुःस्थितीचें शास्त्रीय विवेचन पीटर डेनिंग ह्यांनीं १९६८ सालीं केलें आहे. ती ओळखण्याची खूण सोपी आहे: यंत्र चालूं असतें, डिस्कचा दिवा लुकलुकत असतो, आणि पडद्यावर मात्र कांहींच घडत नाहीं.

पेंवाच्याहि दोन जाती आहेत. जुन्या हार्ड डिस्कमध्यें तबकड्या मिनिटाला ७२०० वेळां फिरतात, म्हणजे सेकंदाला १२० वेळां. हवी ती जागा वाचणाऱ्या टोंकाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचे सुमारें चार सहस्रांश लागतात. आणि तें टोंक योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी आठ-नऊ सहस्रांश. एकूण एका सेकंदांत अशा विखुरलेल्या वस्तु फार तर ऐंशींच्या आसपास हातीं लागतात. नवी एस. एस. डी. हिच्यांत फिरणारा असा भागच नाहीं. तीच गोष्ट ती शंभराहून अधिक पट त्वरेनें करते. बहुकार्यांत विखुरलेल्या वस्तूच सतत लागत असल्यामुळें ह्या फरकाचा प्रत्यय पदोपदीं येतो. म्हणून उत्तम प्रोसेसर व जुनी हार्ड डिस्क असें यंत्र म्हणजे दणकट इंजिन आणि सैल पट्टा. उलट बेताचा प्रोसेसर, पुरेशी रॅम व एस. एस. डी. असें यंत्र पैशाच्या मानानें कितीतरी समाधान देतें.

येथवर यंत्राच्या घडणीचा विचार झाला. परंतु निवडीचा दुसरा अर्धा भाग कामाच्या घडणीचा आहे, आणि त्याचा फार बोधप्रद इतिहास कुंडलहून फार दूर नसलेल्या वारणेच्या खोऱ्यांत घडला आहे. वारणानगरच्या सहकारी संस्था, केंद्र व राज्य सरकार ह्यांनीं मिळून १९९८ सालीं कोल्हापूर व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील सुमारें सत्तर गांवें संगणकांनीं जोडण्याची योजना हातीं घेतली. गांवोगांवच्या केंद्रांत संगणक बसले. शेतकऱ्याला बाजारभाव कळावे, शेतीचा सल्ला मिळावा, सरकारी दाखले मिळावे, मुलांना शिक्षण मिळावें, असे त्या योजनेचे अनेक हेतु होते. त्या काळीं देशांतील वृत्तपत्रांनीं तिचें फार कौतुक केलें.

पुढें काय झालें? आठ वर्षांनीं संशोधकांनीं तीं केंद्रें जाऊन पाहिलीं, तेव्हां असें दिसून आलें कीं ह्या संगणकांचा खरा उपयोग बहुतेक एकाच कामासाठीं होत होता. कोणाचा ऊस किती टन गेला, खत किती उचललें, पैसे किती निघाले, ही साखर कारखान्याची माहिती गांवांत पोंचविणें हें तें काम. आणि त्यासाठीं जुनाट झालेलीं यंत्रें, त्यांची दुरुस्ती, वीज व टेलिफोनची तार एवढा पसारा सांभाळावा लागत होता. तेव्हां मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधनशाळेच्या मंडळींनीं कारखान्याच्या संमतीनें कांहीं गांवांत संगणकाच्या जागीं एक साधा मोबाइल फोन ठेवून पाहिला. शेतकरी संदेश पाठवी व उत्तर येई. काम स्वस्तांत झालें, लवकर झालें, आणि लोकांना तें आवडलें. ह्या प्रयोगाचा वृत्तान्त २००७ सालीं प्रसिद्ध झाला.

ह्या कथेवरून पुष्कळजण असा निष्कर्ष काढतात कीं खेड्यांत संगणक नको, फोन पुरे. आमच्या मतें हा निष्कर्ष उतावळेपणाचा आहे. वारणेच्या केंद्रांत फोन पुरला, कारण काम एक होतें, प्रश्न एक ओळीचा होता, आणि उत्तरहि एक ओळीचें होतें. तेथें बहुकार्याचें यंत्र एककार्यावर जुंपलें होतें, आणि एककार्याला लहान यंत्रच शोभतें. परंतु जेथें तीन कागद समोरासमोर ठेवून ताडून पाहावयाचे आहेत, जेथें दहा पानांचा निबंध लिहून तो पुन्हां पुन्हां खोडावयाचा आहे, जेथें व्याख्यान ऐकत टिपण करावयाचें आहे, तेथें तळहाताएवढा पडदा माणसाला केवळ वाचक करून ठेवतो. लेखक होऊं देत नाहीं. ज्या घरांतील मुलांपाशीं फोनखेरीज साधन नाहीं, तीं दुसऱ्याचें लिहिलेलें पाहण्यास शिकतात आणि स्वतः रचण्यास कचरतात, ही हानि लहान नाहीं. शहरांतील सुखवस्तु घरांत मेजावर संगणक असावा, आणि कुंडलसारख्या गांवांतील मुलाला मात्र फोन पुरे म्हणून सांगावें, ह्यांत काटकसर नसून भेदभाव आहे. म्हणून खरा प्रश्न संगणक कीं फोन हा नाहींच. आपल्या घरीं काम एक आहे कीं अनेक, हा खरा प्रश्न आहे. आणि तो यंत्राच्या दुकानांत शिरण्यापूर्वीं घरांत बसून सोडवावयाचा आहे.

तो सोडवून, संगणकच हवा असें ठरलें, तर पुढील निवड तितकीशी अवघड नाहीं. आपण एकाच वेळीं काय काय उघडें ठेवतों ह्याची एका आठवड्याची यादी करावी. त्या यादींत हिशेबाचे तक्ते, लेखन, दहा-पंधरा संकेतस्थळें व चित्रसंवाद एवढेंच असेल, तर सोळा गिगाबाइट रॅम घ्यावी. आठांत काम भागतें, पण अंगण लवकरच अपुरें पडतें. आणि बत्तीस हीं चित्रपट जुळविणें वगैरे जड उद्योग करणारांसाठीं. रॅम शक्य तर दोन पट्ट्यांत विभागून बसवावी, म्हणजे माल दोन वाटांनीं ये-जा करितो. आणि पुढें ती वाढवितां येईल अशी सोय यंत्रांत आहे कीं नाहीं हें आधींच विचारून घ्यावें. डिस्क एस. एस. डी. च असावी, पांचशें गिगाबाइट एका कुटुंबाच्या नित्य कामाला पुष्कळ होतात. जुनी छायाचित्रें वगैरे सांठवावयाचीं असल्यास त्यासाठीं स्वस्त हार्ड डिस्क निराळी जोडावी. पेंवाचें काम पेंवाला द्यावें. चित्रांसाठीं स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतें तें खेळ व जड चित्रकाम ह्यांना. हिशेब व लेखन ह्यांसाठीं प्रोसेसरच्या अंगची शक्ति पुरेशी आहे. ह्या एका बाबतींत वांचलेला पैसा चांगल्या पडद्यावर खर्चावा. दोन खिडक्या शेजारीं शेजारीं मोकळेपणानें मावतील असा चोवीस इंचांच्या सुमाराचा पडदा म्हणजे बहुकार्याचें खरें मेज होय. प्रोसेसर दोन-चार वर्षांनीं जुना होतो. चांगला पडदा दोन संगणकांना पुरतो.

येथें जुन्या यंत्राचाहि न्याय केला पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सामान्य आधार बंद केला, आणि विंडोज ११ ला टी. पी. एम. २.० नांवाचा सुरक्षा-घटक व ठराविक पिढीपुढील प्रोसेसर लागतो. त्यामुळें धडधाकट असलेलीं असंख्य यंत्रें कागदोपत्रीं म्हातारीं ठरलीं. नांगराचा फाळ झिजतो तेव्हां तो डोळ्यांना दिसतो. येथें कांहींच झिजलेलें नसतां यंत्र बाद ठरतें, हा आपल्या काळाचा विशेष आहे. अशा वेळीं घाबरून सारेंच टाकून देऊं नये. चार-सहा वर्षांपूर्वींच्या यंत्रांत हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एस. एस. डी. घालावी, रॅम वाढवावी, आणि विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्सची एखादी सोपी आवृत्ति घालून पाहावी. नव्या यंत्राच्या किंमतीच्या लहानशा अंशांत पुष्कळदां गरज भागते. मात्र ज्या कामासाठीं विंडोजचीच एखादी आज्ञावलि अपरिहार्य आहे, त्यांनीं हा मार्ग धरण्यापूर्वीं ती लिनक्सवर चालते कीं नाहीं ह्याची खात्री करावी. विंडोज ११ साठीं चार गिगाबाइट रॅम पुरते असें जें लिहिलेलें असतें, तें उंबरठा ओलांडण्यापुरतें माप आहे. संसार करण्याचें नव्हे.

मराठीचीहि गोष्ट विसरूं नये. एके काळीं मराठी लिहावयाचें म्हणजे प्रत्येक कंपनीचे निराळे टंक; एका यंत्रावर लिहिलेलें पत्र दुसऱ्यावर उघडलें कीं अक्षरांचा चिवडा. युनिकोडच्या प्रसारानें तें संकट बव्हंशीं टळलें आहे, आणि इन्स्क्रिप्टची कळरचना आज विंडोज व लिनक्स ह्या दोहोंतहि विनामूल्य मिळते. मराठीसाठीं म्हणून कोणी जादा पैसे सांगूं लागला, तर तो कशाचे सांगतो हें विचारावें.

अखेर वीज. लॅपटॉपच्या पोटांत बॅटरी असते, डेस्कटॉपच्या नसते. वीज गेली कीं न जपून ठेवलेलें लिखाण गेलें, आणि वरचेवर असें झालें तर यंत्रालाहि इजा पोंचते. म्हणून दहा-पंधरा मिनिटें तग धरील असा यू. पी. एस. हा चैनीचा नव्हे, मूळ खरेदीचाच भाग समजावा, आणि अंदाजपत्रकांत तो आरंभींच मांडावा. तसेंच दुरुस्तीचा विचार. फाळ कोठें मिळेल हा शंभर वर्षांपूर्वींच्या शेतकऱ्याचा प्रश्न येथें जसाच्या तसा लागू आहे. ज्यांतील प्रत्येक भाग सुटा, बाजारांत मिळणारा व तालुक्याच्या गांवींहि बदलतां येण्याजोगा आहे, तें यंत्र. दिसावयास देखणें, पण उघडतांच न येणारें तें दागिना. डेस्कटॉप घेण्याचें सर्वांत बळकट कारण हेंच आहे कीं त्याचे भाग सुटे असतात. तेव्हां तो गुण जेथें नाहीं तेथें मूळ हेतूच नाहींसा होतो.

लोखंडी नांगराला दोन वर्षें नाकारणारा शेतकरी आणि त्याच नांगरानें पुढें आपलें शेत उलथून काढणारा शेतकरी हा एकच मनुष्य होता. त्याला जुन्याचा लोभ नव्हता, नव्याचा तिटकाराहि नव्हता. आपल्या जमिनीचें माप घेतल्यावांचून दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावयाचें नाहीं, एवढाच त्याचा बाणा होता. वारणेच्या खोऱ्यांत यंत्र आधीं आलें व कामाचा शोध मागाहून लागला. कुंडलच्या माळावर कामाची कसोटी आधीं लागली व यंत्र मागाहून रुजलें. ह्या दोन हकीकतींमधील अंतर एका पिढीच्या खर्चाएवढें आहे. संगणकाच्या दुकानांत पाऊल टाकणाऱ्या कुटुंबानें आपल्या कामांची ती एक आठवड्याची यादी खिशांत ठेवावी. विक्रेत्यानें सांगितलेला प्रत्येक गुण तिच्यांतील कोणत्या ओळीला लागू पडतो हें पाहावें. आणि जो कोणत्याच ओळीला लागूं पडत नाहीं, त्याचे पैसे देऊं नयेत.